पाळणा घेऊन निघालेली गाडी

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर आधी नाकाला रुमाल लावाल. लावा बापडे, मला राग यायचा नाही. मी मासळीची जुनी गाडी आहे. माझ्यातून शेवटची मासळी उतरली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण वास काही उतरला नाही. ऊन तापलं की तो माझ्या पत्र्यातून हळूहळू वर येतो आणि मला पुन्हा ती डोंगरातली धुक्याची पहाट दिसू लागते.

माझा जन्म झाला तो कारखाना मला धड आठवत नाही. खूप आवाज होता, ठिणग्या उडत होत्या आणि माझ्यासारख्याच पांढऱ्या गाड्यांची लांबच लांब रांग होती, एवढंच आठवतं. मग एक बुटका, जाड मिशांचा माणूस आला. खेचराच्या पाठीवर मारावी तशी त्यानं माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "हीच."

त्याचं नाव बेल्मिरो. पोर्तुगालच्या डोंगराळ भागात, समुद्रापासून पार आत, चेरीच्या बागांच्या वरच्या अंगाला त्याचं गाव होतं. पहाटे आम्ही बंदरावर जायचो. बर्फात घातलेल्या तारल्या आणि बांगडे पोटात भरून घ्यायचे आणि मग वळणावळणानं डोंगर चढायचा. गाव आलं की बेल्मिरो हॉर्न वाजवी. बायका हातात परात घेऊन बाहेर येत, त्यांच्या मागून मांजरं येत. "आली गं बाई आमची लाडकी!" असं त्या म्हणायच्या. मला म्हणायच्या, बेल्मिरोला नव्हे. मला तेव्हा फार बरं वाटे.

बेल्मिरोची मुलगी नातेर्सिया शाळेला सुट्टी असली की आमच्याबरोबर यायची. मोठी झाल्यावर तर रोजच येऊ लागली. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली. तिचा हात हलका होता. गिअर बदलताना ती मला कधी ओरडू द्यायची नाही.

बेल्मिरोची बायको एर्मेलिंदा मात्र कधी आली नाही. घरी शेळ्या होत्या, परसात कोबी होता, अंथरुणाला खिळलेली सासू होती. कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी तीच असायची. नवरा मासे विकायचा, घरभर खवले उडायचे, पण समुद्र म्हणजे काय ते त्या बाईनं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी नातेर्सिया माझ्या पायरीवर बसून पाय धुवायची आणि एर्मेलिंदा समोर शेंगा सोलत बसायची.

"आज कसा होता?" ती विचारायची.

"आज पोपटी होता, आई. कडेकडेनं साबणासारखा फेस."

"आणि काल?"

"काल शिशासारखा. अगदी गप्प. रुसल्यासारखा."

आई शेंगा सोलायची थांबायची. डोळे मिटायची. मला वाटतं, त्या वेळी ती समुद्रावर जाऊन यायची. मीही तिच्याबरोबर पुन्हा एकदा जाऊन यायची.

मित्रांनो, असं सुख आपल्याला कायमचं वाटतं. पण गावातल्या चर्चच्या भिंतीवरचे संत पार विटून गेले होते. ते नव्यानं रंगवायला तुल्लियो नावाचा एक इटालियन आला. उंच, लाजाळू, केसांना कायम रंग लागलेला. संतांचे चेहरे रंगवून होईपर्यंत नातेर्सिया त्याच्या प्रेमात पडली आणि काम संपल्यावर त्याच्याबरोबर इटलीला निघून गेली.  त्यानंतर बेल्मिरो हॉर्न फार वेळ वाजवेनासा झाला.

त्याच हिवाळ्यात तो आजारी पडला आणि गेला. बर्फानं घाट बंद झाले होते, नातेर्सिया वेळेवर पोहोचू शकली नाही. गावच्या कॅफेत तिचा फोन आला. एर्मेलिंदा काळी शाल ओढून आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली. ती फोनवर काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात मुलीचं नाव निघणं बंद झालं.

माझंही काम बंद झालं. खाली शहरात मोठं दुकान झालं होतं, तिथं मासे काचेच्या पेटीत मांडून ठेवत. मला अंजिराच्या झाडाखाली लावून टाकलं. माझ्या मागच्या भागात कोंबड्या अंडी घालू लागल्या. एर्मेलिंदाचा मुलगा अदेलिनो गवंडी होता. तो रविवारी कधीमधी येऊन माझं इंजिन सुरू करी आणि "मरू देऊ नये, एवढंच," असं स्वतःशीच म्हणून बंद करी. बाकीचा वेळ मी झोपेत असायची. अंजिराची पानं माझ्या टपावर पडायची आणि मला वाटायचं, लाटाच आल्या.

एका रात्रीच्या जेवणाच्या वेळी खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई," अदेलिनो म्हणाला, "नातेर्सियाला मुलगी झाली."

 चमचा ताटलीला लागल्याचा तेवढा आवाज आला.

"सूप निवतंय," एर्मेलिंदा म्हणाली. "खा."

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी ती काठी घेऊन माझ्याजवळ आली. सगळ्या कोंबड्या हुसकल्या आणि ओरडून म्हणाली, "अदेलिनो! ही चालते का रे?"

"कुठवर?"

"तू सांग कुठवर. तुझ्याच बहिणीचं घर आहे ना तिकडे."

अदेलिनोच्या हातातली थापी खालीच पडली. "आई, विमानानं जाऊ. दोन-तीन तासांचा तर प्रश्न."

"मला आकाशात टांगायची गरज नाही. आणि पाळणा कुठं मावणार विमानात?"

माळ्यावर चेस्टनटच्या लाकडाचा एक पाळणा होता. पहिल्या मुलाच्या वेळी बेल्मिरोनं तो स्वतःच्या हातानं केला होता. अदेलिनो त्यात झोपला, नातेर्सिया झोपली, अदेलिनोची मुलगी बेनेदिताही झोपली. एर्मेलिंदानं तो खाली उतरवून घेतला, तेल लावून पुसला.

"पण एक आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली. "हा पोरीसाठी आहे, तिच्या आईसाठी नाही. फाटकाशी ठेवायचा आणि मागे फिरायचं. तिच्या घराची पायरी मी चढणार नाही."

"एवढं दीड हजार किलोमीटर जाऊन फाटकातनं परत?" अदेलिनोची बायको ओदेत म्हणाली.

"पाळणा पोहोचवायला माणूस जातं ते पाळणा पोहोचवायलाच जातं."

ओदेतनं नवऱ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मग तीच बादली घेऊन माझं अंग घासायला लागली. कितीतरी वर्षांनी मला कुणी आंघोळ घातली. मधे पाळणा, त्याला दोन्हीकडून गाद्या, वर खारवलेला मासा, चीज, ऑलिव्हच्या तेलाचा डबा. आणि एर्मेलिंदा पुढच्या खिडकीशी, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली.

मित्रांनो, मला आजवर एकच रस्ता ठाऊक होता: डोंगरावरून बंदर आणि बंदरावरून डोंगर. त्यापुढंही रस्ता असतो आणि तो संपतच नाही, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. सीमा ओलांडून स्पेनचं माळरान लागलं, तेव्हा सगळं इतकं पिवळं आणि इतकं सपाट होतं की मी जागेवर उभी आहे आणि जमीनच माझ्याखालून सरकते आहे, असं मला वाटू लागलं. खांबाखांबावर करकोचे उभे होते. सूर्यफुलांची शेतं आली. दुपारच्या उन्हात आतली सगळी माणसं झोपली, एकटा अदेलिनो नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होता. पाळणा माझ्या पोटात आपल्याआपण हलत होता. रिकामा पाळणा हलवू नये असं एर्मेलिंदाचं म्हणणं होतं, म्हणून बेनेदिता झोपेतही त्यावर पाय टाकून झोपली होती.

"आजी," जाग आल्यावर बेनेदितानं विचारलं, "आत्याची मुलगी कुठल्या भाषेत रडते?"

"रडायला भाषा लागत नाही."

"आणि हसायला?"

"तू जरा गप्प बसायला किती घेशील?" आजी म्हणाली. पण खिडकीकडे तोंड करून ती हसली, ते बाजूच्या आरशात मला दिसलं.

माळरान संपून द्राक्षमळे लागले, मग टेकड्या लागल्या. आणि एकाएकी माझ्या जाळीतून तो वास आत आला. माझ्या पत्र्यात, सांध्यात, जिथंजिथं जुनं मीठ अडकलेलं होतं तिथं सगळीकडे ते जागं झालं. पुढच्याच वळणाला तो समोर होता.

ओदेत म्हणाली, "थांबव."

पाइनच्या झाडांखाली मला उभं केलं. एर्मेलिंदा खाली उतरली. बराच वेळ माझ्या दाराला धरून उभीच राहिली. मग तिथंच पायरीवर बसून तिनं बूट काढले, काळे मोजे काढून घडी करून पर्समध्ये ठेवले. पांढऱ्या पावलांनी ती वाळूतून चालत गेली. मोजे न घातलेले तिचे पाय मी प्रथमच पाहिले. मुलीसारखे दिसत होते.

पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा ती म्हणाली, "हाच का तो? बेल्मिरो जायचा तो?"

"नाही आई," अदेलिनो म्हणाला. "बाबा जायचे तो आपल्याकडचा. हा वेगळा. हा भूमध्य समुद्र."

"समुद्र दोन असतात?"

"पुष्कळ असतात, आई."

"मला कुणी सांगितलंच नाही." ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं. "खारट आहे की हाही."

बेनेदिता फेसात नाचत होती. ओदेत जवळ जाऊन म्हणाली, "हेच पाणी तिकडे जातं, आई. नातेर्सियाच्या गावावरून खाली पाहिलं की हाच दिसतो म्हणतात."

एर्मेलिंदानं ओंजळ सोडून दिली. निखारा धरला असावा तशी. मागे फिरली, भराभर चालत माझ्यापाशी आली आणि ओल्या पायांनीच आत बसली.

"अदेलिनो, गाडी मागे वळव."

"काय झालं?"

"काही झालं नाही. समुद्र पाहून झाला. घरी चला. शेळ्यांना शेजारीण काय घालत असेल देव जाणे."

अदेलिनो बाहेर डोकं धरून उभा राहिला. तो बिचारा आईपुढे कधी बोललेला नव्हता. ओदेत मात्र आत येऊन तिच्या पायाशी बसली आणि टॉवेलनं तिचे पाय पुसू लागली.

"वळवू की. त्यात काय? पण पाळण्याचं काय करायचं? नेऊन कांदे भरून ठेवू त्यात."

"चेष्टा करू नको."

"मग खरं सांगा."

 मग एर्मेलिंदा फार हळू बोलली. मी गाडी आहे म्हणून मला ऐकू आलं. "रोज संध्याकाळी ती मला समुद्र सांगायची. ती गेली आणि कुणी सांगेना. मला तिचा राग आला होता तो त्याचा. बाप गेला त्याचा नाही. आणि फोनवर मी तिला म्हणाले... मी म्हणाले, बापाऐवजी तू गेली असतीस तर बरं झालं असतं." तिनं मोजे बाहेर काढले आणि नुसतेच हातात धरले. "असं बोललेली बाई फाटकापर्यंत तरी कशी जाईल? तू जाशील?"

ओदेतनं दुसऱ्या पायाची बोटं एकेक करून पुसली. मग म्हणाली, "मी काय जाणार? माझी आई मी लहान असतानाच गेली. मला शिव्या द्यायलासुद्धा कुणी नाही."

ती पुढे येऊन चालकाच्या जागी बसली. अदेलिनोला म्हणाली, "चढा मागे." आणि किल्ली फिरवली.  एर्मेलिंदा "मागे वळव" असं पुन्हा म्हणाली नाही.

पुढचा रस्ता मला स्वप्नासारखा आठवतो. उथळ पाण्यात पांढरे घोडे उभे होते, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. गुलाबी पाखरांचा थवा उडाला तेव्हा बेनेदिता म्हणाली, "ती लाजलीत." मग डोंगर थेट समुद्रात उतरू लागले आणि बोगदे आले. उजेड, अंधार, उजेड, अंधार. जणू मीच पापण्यांची उघडझाप करत होते आणि दर वेळी डोळा उघडला की खाली तो निळा रंग तसाच थांबलेला असायचा. एर्मेलिंदाची नजर त्याच्यावरून हटत नव्हती. ओठ हलत होते. ती जपमाळ म्हणत होती की रंगांची नावं घेत होती, मला सांगता यायचं नाही.

इटलीत शिरल्यावर हमरस्ता सोडून आम्ही चढाला लागलो. दोन्हीकडे ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. वर टेकडीच्या टोकाला गाव दिसत होतं. आता अदेलिनो चालवत होता. मी मनापासून चढत होते, मित्रांनो. माझ्या छातीत आग पेटली होती तरी चढत होते. पण एका वळणावर माझ्यातून पांढरी वाफ उसळली, काहीतरी कडकन् तुटलं आणि मी थांबले. कायमची थांबले, हे मला तेव्हाच कळलं होतं.

"संपलं," अदेलिनो खाली उतरून म्हणाला. "वरती गाव दिसतंय आणि इथं संपलं."

तेवढ्यात लिंबांच्या टोपल्या घेऊन एक तीन चाकी टेम्पो मागून आला. चालवणारी बाई धिप्पाड होती. रस्ता अडलेला पाहून ती आधी हातवारे करकरून भांडली. अदेलिनोनं नातेर्सियाचं आणि तुल्लियोचं नाव घेतल्यावर तिचा आवाज एकदम बदलला. तिनं खिडकीतून एर्मेलिंदाकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. मग अदेलिनोला लिंबांवर बसवलं आणि मला खेटून, कठड्याला घासत टेम्पो वर नेला.

एर्मेलिंदा जागची हलली नाही. शाल सारखी केली. पुन्हा विस्कटून पुन्हा सारखी केली.

थोड्या वेळानं रस्त्यावर सपातांचा फटफट आवाज आला. नातेर्सिया धावत खाली येत होती. घरातल्याच सपाता, हाताला पीठ लागलेलं, खांद्याशी तान्ही मुलगी. तिच्या मागून अदेलिनो आणि त्याच्या मागून पाण्याचा कॅन घेऊन तुल्लियो. ती जवळ आली आणि आईशी न बोलता आधी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"केवढी तापलीय! अदेलिनो, या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आणलीस ना हिला? गाढवा!"

"पहिला पडेना!"

"पडतो. समजावून सांगावं लागतं."

मग उघड्या खिडकीतून दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आई खूप म्हातारी झाली होती. मुलगीही आता मुलगी राहिली नव्हती.

"आई, वर चल."

"तुझ्या घराची पायरी चढणार नाही असं मी सांगून आलेय."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"बरं," नातेर्सिया म्हणाली. तिनं माझं मागचं दार सरकवलं. "मग मी आत येते. ही तर आपलीच गाडी आहे ना? की माझा इथलाही हक्क गेला?"

ती आत आली आणि गादीवर बसली. त्या एवढ्याशा जागेत आईला आता मागे वळून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"फोनवर मी जे बोलले..." एर्मेलिंदानं सुरुवात केली.

"त्या दिवशी लाईन फार खराब होती, आई. नुसती खरखर. मला काहीच ऐकू आलं नाही."

एर्मेलिंदा मुलीकडे पाहत राहिली. "खोटारडी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "लहानपणापासून खोटारडी."

"हो," नातेर्सियाही रडत म्हणाली. "बाळ घे जरा. माझे हात पिठाचे आहेत."

एर्मेलिंदानं नात घेतली. तिचं नाव ओरिएत्ता, हे तिला तिथं कळलं. तिनं तिला हुंगलं, मग पाळण्यात ठेवलं आणि एका बोटानं पाळणा हलवला. बाहेर तुल्लियो माझ्या उकळत्या पोटात पाणी ओतत होता आणि अदेलिनो त्याला पोर्तुगीजमधून सूचना देत होता. दोघांनाही एकमेकांचं अर्धंच कळत होतं. त्याचा काही उपयोग होणार नव्हता, पण मी त्यांना करू दिलं. दुपारचं ऊन ऑलिव्हच्या पानांतून माझ्या काचेवर पडलं होतं. आत बाळ झोपलं होतं. एर्मेलिंदा मुलीला सांगत होती, "तिकडे पाइनची झाडं आहेत ना, तिथं तो हिरवट होता. पुढं घोडे उभे होते तिथं दुधासारखा..." आणि नातेर्सियानं डोळे मिटून घेतले होते.

मला गावातल्या माणसांनी दोरानं ओढून वर नेलं. एर्मेलिंदा माझ्यातच बसून फाटकाच्या आत गेली, आणि रात्रीच्या जेवणाला पायरी चढून घरातही गेली. त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. अदेलिनो, ओदेत आणि बेनेदिता रेल्वेनं परतले. ती मात्र ऑलिव्हची तोडणी होईपर्यंत राहिली आणि मग दर वर्षी येत राहिली, जमेल तोवर.

मी इथंच राहिले, सर्वांत वरच्या बागेत, जिथून खाली सगळा समुद्र दिसतो. माझी चाकं गवतात रुतली आहेत. टपाला गंज चढला आहे. ऑलिव्हच्या जाळ्या ठेवायला माझा उपयोग होतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला, नातेर्सियानं दोनदा त्याला लिंबाचं सरबत पाजून परत पाठवलं. कधी कधी आठवडेच्या आठवडे कुणी फिरकत नाही. तेव्हा मी अर्धवट झोपेत असते आणि मला रस्ता दिसत राहतो, पिवळा, निळा, उजेडाचा आणि अंधाराचा.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या अंगणात माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल, तर पावसाआधी त्याच्या काचा वर करा. मला गंजाचं भय वाटत नाही, पण आत ओल शिरली की जीव घाबरा होतो. दार लावताना जरा सावकाश लावा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस 'मी जाणार नाही, मुळीच जाणार नाही' असं म्हणत सामान बांधत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. गाडी बाहेर काढा.